भूलकाकूंची केळ

भूलकाकू झाडांशी बोलायच्या नाहीत. झाडांशी लाडेलाडे बोलणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग यायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई एकदा काकूंच्या बागेतल्या गुलाबाला "कसा आहेस रे बाळा?" म्हणाल्या, तर काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला काय विचारता? त्याच्या पानांना विचारा." काकू झाड तपासायच्या. खोड नखाने जरासं खरवडून आत हिरवं आहे का बघायचं, कुंडीत बोट खुपसून दोन पेरांवर ओल आहे का बघायची, की चालल्या पुढच्या झाडाकडे. तोंडातून शब्द नाही. सकाळचा हा फेरा त्या न चुकता करायच्या, आणि तो संपेपर्यंत मी कुंपणावरून हाक मारलेली त्यांना चालत नसे.

तीसेक वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलात लोकांना ऑपरेशनआधी भूल दिली होती. मिरजेला शिकल्या, लग्न करून इकडे आल्या आणि लंडनच्या पिनर भागातल्या या घरात राहिल्या त्या राहिल्याच. आमच्या मंडळात डॉक्टर पैशाला पासरी, त्यामुळे ओळख पटावी म्हणून कुणी हाडांचे काका, कुणी कानांचे काका. तशा या भूलकाकू. मी लग्नानंतर नाशिकहून थेट त्यांच्या शेजारच्या घरात आले. पहिल्या हिवाळ्यात अंगणातली सगळी झाडं मेली म्हणून मी रडकुंडीला आले होते, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला, "मेली नाहीत, झोपलीयेत. रडायला काय झालं?" आमची ओळख झाली ती अशी. मला वाटतं मी त्यांना जरा बावळटच वाटले असणार, आणि त्यांचं ते मत पुढे फारसं बदललं नाही.

ऑक्टोबर हा काकूंचा खरा महिना. महिनाअखेर इथली घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारच्या आत बाग झोपलेली असली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. डेलियाची पानं पहिल्या थंडीत काळी पडली की कंद उकरून काढायचे, उलटे टांगून वाळवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमधल्या खोक्यात ठेवायचे. कढीपत्त्याची कुंडी पोर्चमध्ये न्यायची. आणि शेवटी केळ. "झोपवणं म्हणजे मारणं नव्हे, आणि लाड करणं तर नव्हेच," त्या म्हणायच्या. "कमी पाणी, कमी ऊब, आणि लक्ष मात्र पूर्ण."

याचा मला चांगलाच धडा मिळाला होता. एका वर्षी त्यांनी मला मोगऱ्याची कुंडी दिली. बाहेर शून्याखाली गेलेलं बघून माझा जीव कळवळला आणि मी ती उचलून हॉलमध्ये रेडिएटरशेजारी ठेवली, रोज पाणी घातलं. मोगऱ्याला जानेवारीत पालवी फुटली. मी मिरवत काकूंना बोलावून दाखवली. त्यांनी कुंडीत बोट घालून बघितलं आणि घरी गेल्या. फेब्रुवारीत तो मोगरा मान टाकून गेला, तेव्हा म्हणाल्या, "भूल कमी पडली तुझी. पेशंट मध्येच उठला." पुढची दोन वर्षं त्यांनी मला एक कुंडी दिली नाही. मी मागितलीही नाही.

केळीबद्दल मात्र सांगायलाच हवं. ही जपानी जातीची केळ, इथल्या थंडीत तग धरणारी. फळ धरत नाही, आणि काकूंना फळ नकोच होतं. पिनरपासून ईलिंगपर्यंत कुणाकडे सत्यनारायण असो की मंडळाचा गणपती असो, पानं काकूंच्या केळीची. एरवी कुणाला घरात पाऊल टाकू न देणारी ही बाई पानं न्यायला आलेल्या माणसाला चहा देत असे, आणि पान कापायची सुरी मात्र स्वतःच धरत असे. त्या केळीला ऑक्टोबरात निजवायचं म्हणजे सोहळाच. पानं कापायची, खोडाला जुन्या क्रेप बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायच्या, भोवती जाळीचं कडं उभं करायचं, त्यात सशांसाठी विकतात ते गव्हाचं काड ठासून भरायचं, वरून पांढरं फ्लीसचं कापड, सुतळी, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून डोक्यावर पालथी बादली. सगळं झाल्यावर पिनरच्या त्या नीटनेटक्या बागेत एखादा जखमी पहारेकरी उभा असल्यासारखं दिसायचं.

सुतळीची गाठ त्यांची स्वतःची होती. ऑपरेशनच्या वेळी घशातली नळी बांधायची जी गाठ त्यांनी हजारदा मारली होती, तीच. हलता कामा नये, पण वेळ आली तर एका ओढीत सुटली पाहिजे. अमितला, म्हणजे त्यांच्या मुलाला, शाळेच्या बुटांच्या नाड्यांना त्यांनी तीच गाठ शिकवली होती. मला ती शिकायला दोन ऑक्टोबर लागले.

तीन-चार वर्षांपूर्वी काकूंच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला. कसला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे काय काय होणार आणि कोणत्या क्रमाने, तेही त्यांना पाठ होतं. सकाळचा चहा त्या अर्धा कपच भरायला लागल्या, सही करायला पाच मिनिटं लागायला लागली. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, हल्ली औषधं चांगली आहेत म्हणे." त्या म्हणाल्या, "आहेत ना. थोडा वेळ मिळतो." आणि विषय संपवला.

अमित लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला राहतो, तिथेच ऑफिसात नोकरी करतो. जन्म इथला, वळण चांगलं, आईवर जीव. मागच्या सप्टेंबरात त्याने ठरवलं की आईने हा हिवाळा एकटीने काढायचा नाही, क्रॉयडनला यायचं. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी पैज लावली. "घड्याळं बदलायच्या रविवारी ये. तोवर मी माझ्या हाताने सगळी बाग झोपवून ठेवते. जमलं तर स्प्रिंगपर्यंत इथेच राहीन. नाही जमलं तर तू म्हणशील ते." अमितला ते पटलं. आईच्या तब्येतीची याहून चांगली परीक्षा त्यालाही सुचली नसती.

त्या रविवारला दहा दिवस राहिले असताना दुपारी मी शाळेच्या ऑफिसातून घरी आले, तर काकू कुंपणाशी उभ्या. स्वेटरला, चष्म्याच्या दोरीला, बोटांना सगळीकडे सुतळी गुंतलेली. बहुतेक बराच वेळ तशाच उभ्या असाव्यात. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पक्ष्याने पंख झटकावेत तसे ते हलत होते.

"बघ विजू," त्या म्हणाल्या. "एक गाठ. दोन दिवस झाले."

मी कात्री आणून त्यांना सोडवलं. मग त्या म्हणाल्या, "तुला येते माझी गाठ."

"येते."

"मग झालं तर."

हे बरोबर नाही, असं मला त्या वेळी वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. या हातांनी कुणाची शीर कधी चुकली नव्हती, आणि आता त्यांना सुतळी जमत नव्हती. माझ्याच्याने ते बघवेना. मी काय करू शकत होते? कंप थांबवू शकत नव्हते, वय थांबवू शकत नव्हते. गाठ तेवढी मारू शकत होते, म्हणून मारली.

आठ दुपारी आम्ही काम केलं. काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या आणि मी हमाली करायची. "काड दाबू नकोस, हवा राहू दे." "बँडेज आवळतेस काय, फ्रॅक्चर आहे का ते?" "कंदाला माती राहिली, चष्मा लाव." शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःचे हातमोजे आणि रबरी वेलिंग्टन बूट मागवून घेतले, चिखलात बुडवले आणि मागच्या दारापाशी दिसतील असे ठेवले. मी हसायला लागले तर म्हणाल्या, "हसू नकोस. पुरावा आहे तो." आणि मग त्याही इतक्या हसल्या की खुर्चीचे पाय ओल्या गवतात रुतले. त्यांना उठवायला मला बरीच खटपट करावी लागली, पण तेव्हाही मला त्यातून काही समजलं नाही.

रविवारी अमित आला. गॅरेज बघितलं, पोर्च बघितला, चिखलाचे बूट बघितले. मग केळीपाशी जाऊन उभा राहिला. फ्लीसवरच्या सुतळीचं एक टोक त्याने ओढलं. गाठ एका ओढीत सुटली.

"हा आईचाच गाठ आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "ताई, हे सगळा काम तिने एकटीने केला?"

मी काकूंकडे बघितलं नाही. "हो रे," मी म्हटलं. "मी आपली चहा देत होते."

त्याचे डोळे भरून आले. त्याने आईला मिठी मारली आणि म्हणाला, "ओके आई. स्प्रिंगपर्यंत. बट यू रिंग मी एव्हरी डे, प्रॉमिस?" काकूंनी त्याच्या पाठीवरून थरथरता हात फिरवला. तो गेल्यावर आम्ही दोघींनी चहात बुडवून अख्खा बिस्किटांचा पुडा संपवला. चोरी पचल्याचा आनंद काय असतो, तो मला पन्नाशीत पहिल्यांदा कळला.

हिवाळा बरा गेला म्हणायचा. काकू सकाळी खिडकीत बसून डायरीत तापमान लिहायच्या. अक्षर आता त्यांनाच वाचता यायचं. मी शाळेत जाताना हात करायची आणि आल्यावर डोकावायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीत बसलेल्या काकू बघितल्या की मला माझ्या खोटेपणाचा चक्क अभिमान वाटायचा.

फेब्रुवारीत दोन दिवस वादळी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत असताना केळीवरची बादली उडाली. काकूंनी ती खिडकीतून बघितली. त्या मला फोन करू शकत होत्या. काडात पाणी शिरेल, तीन-चार तास थांबून चालणार नाही, असं त्यांनी ठरवलं असणार. त्या बादली घेऊन बाहेर गेल्या, आणि हिरवळीवर पाय घसरून पडल्या. सव्वा तास तिथेच होत्या. पार्सल द्यायला आलेल्या बाईने बाजूच्या फाटकातून त्यांना बघितलं. मी घरी पोचले तेव्हा अँब्युलन्स निघत होती. मोडलं ते खुब्याचं हाड.

ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले. चेहरा कागदासारखा झाला होता, पण मला बघून म्हणाल्या, "भूल देणारा पोरगा चांगला होता. हात हलका. बादली ठेवलीस का?" मी हो म्हटलं. ठेवली नव्हती. हॉस्पिटलच्या धावपळीत मला बादलीची आठवणच राहिली नव्हती. मी ती पुढच्या आठवड्यात ठेवली, तोवर पाच-सहा दिवस पाऊस पडून गेला होता.

अमितला मी सगळं सांगितलं. वॉर्डाबाहेरच्या खुर्च्यांवर बसून, आठ दुपारी काय काय झालं ते पहिल्यापासून. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, आय आस्क्ड यू. मी तुम्हाला विचारला होता ना?" एवढंच.

काकू हॉस्पिटलातून परस्पर क्रॉयडनला गेल्या. पण घर सोडायला तयार नव्हत्या. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, किल्ली विजूकडे. आणि पुन्हा पैज. "एप्रिलमध्ये केळ उघडू. ती उठली तर मी पण उठेन आणि घरी जाईन," त्यांनी अमितला सांगितलं. डॉक्टर बाई, आयुष्यभर नशिबावर हवाला ठेवू नये म्हणणारी, आणि शेवटी केळीवर येऊन ठेपली. मी भेटायला गेले की त्या वॉकर धरून हॉलच्या दारापर्यंत चालून दाखवायच्या. पहिल्यांदा चार पावलं, मार्चअखेर अकरा. अमित मला लिफ्टपर्यंत सोडायला यायचा आणि म्हणायचा, "शी इज वर्किंग सो हार्ड." केळीसाठी की घरासाठी, ते तो विचारत नसे.

एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी मी एकटी त्यांच्या बागेत गेले. माझा फोन खुर्चीवर टेकवून ठेवला. तिकडे अमितने त्याचा फोन आईसमोर धरला होता. मी बादली काढली, गाठी एकेका ओढीत सोडल्या, काड बाजूला केलं. खोड तपकिरी पडलं होतं. हात लावला तर बँडेजसकट आत गेला, आणि वास आला.

"खोडाचं राहू दे," काकू म्हणाल्या. "खोड जातं कधी कधी. मुळाशी बघ. मातीखाली दोन पेरं बोट घाल. घट्ट लागतंय की मऊ?"

मी गुडघ्यावर बसले. मला माहीत होतं की मी काय सांगते यावर त्यांचं घर अवलंबून आहे. एकदा मी त्यांच्यासाठी खोटं बोलले होते आणि त्याची किंमत त्यांच्या खुब्याने मोजली होती. या वेळी काहीही झालं तरी खरं तेच सांगायचं, हे मी घरातून निघतानाच ठरवून आले होते. माझे डोळे आधीच भरले होते. मी बोट घातलं. ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं.

"मऊ," मी म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"हो काकू. मऊच आहे. गेली ती."

पडद्यावर त्यांचा चेहरा स्थिर होता. हलत होता तो फक्त खालच्या कोपऱ्यातला हात. पेशंट गेला की आधी वेळ नोंदवायची, त्या जुन्या सवयीने त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"अकरा वीस."

"बरं," त्या म्हणाल्या. मग मान वळवून, आम्हा दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अमित, घराचं बघ आता."

त्या दिवसापासून त्यांनी हॉलच्या दारापर्यंत चालणं सोडलं. फिजिओवाली मुलगी यायची, काकू तिला चहा द्यायला सांगायच्या आणि खुर्चीतून उठायच्या नाहीत. मे महिन्यात घराला विक्रीची पाटी लागली, जूनमध्ये कागदांवर सह्या झाल्या. काकूंची सही अमितने हात धरून करून घेतली. किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी मी बागेत एक शेवटची चक्कर मारायला गेले. कुजलेल्या खोडाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, मातीतून एक कोंब वर आला होता. हिरवागार, गुंडाळलेला, वीतभर उंच.

मी त्या बाजूला बोट घातलंच नव्हतं. पुढून एकदा दाबलं, मऊ लागलं, आणि मोकळी झाले. खरं बोलायच्या घाईत मी नीट बघितलंच नाही. काकूंची गाठ मी शिकले, त्यांचं बोट मला कधी आलं नाही. काकू असत्या तर चारी बाजूंनी दाबून बघितलं असतं आणि मगच तोंड उघडलं असतं. मी चिखलात उभी राहून अमितचा नंबर काढला. आणि त्याला सांगणार काय? सह्या झाल्या होत्या. पैसे पोचले होते. काकूंना आता आठ पावलंही टाकता येत नव्हती. मी फोन परत खिशात घातला.

नवे लोक चांगले आहेत. त्यांनी केळ काढली नाही. त्यांच्या मुलीला ती आवडते. कुंपणावरून ती मला रोज दिसते.

काकूंचा दर रविवारी फोन येतो. आवाज बारीक झालाय, मध्ये मध्ये शब्द सापडत नाहीत. माझ्या गुडघ्याचं विचारतात, शाळेतल्या नव्या हेडबाईंचं विचारतात. बागेचं एक अक्षर काढत नाहीत, आणि मीही काढत नाही. कोंब आला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना आनंद होईल की त्या पुन्हा वेळ विचारतील, मला खरंच कळत नाही, आणि विचारायला दुसरं कुणी नाही. असलं काही मी नेहमी त्यांनाच विचारत आले.

परवा त्यांनी विचारलं, "विजू, तुझ्याकडे ऊन आहे का गं?"

"आहे काकू," मी म्हटलं. "छान ऊन पडलंय." कुंपणापलीकडे केळीची तीन पानं त्या उन्हात हलत होती. मी खिडकीकडे पाठ केली आणि हेडबाईंचं काहीतरी सांगत राहिले.